निष्कर्ष काहीही असो, तो दडून राहू नये : संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था आणि शोधपत्रिकांचे संपादक यांना खुले पत्र

प्रति,
संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांचे प्रमुख आणि शोधपत्रिकांचे संपादक यांस

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

मी संख्याशास्त्रज्ञ आहे. एकाच प्रश्नावर वेगवेगळ्या ठिकाणी झालेले अभ्यास गोळा करायचे, त्यांची छाननी करायची आणि सगळ्यांचा मिळून कौल काय पडतो ते काढायचे, हे माझे गेल्या कित्येक वर्षांचे काम आहे. त्यातला मोठा भाग आरोग्यविषयक अभ्यासांचा असतो, पण संख्याशास्त्राच्या पद्धती सगळीकडे सारख्याच असल्यामुळे अर्थशास्त्र, संगणकशास्त्र आणि निसर्गविज्ञाने या क्षेत्रांतले शोधनिबंधही माझ्यापुढे सतत येत राहतात. माझ्या टेबलावर काय येणार हे तुम्ही ठरवता. कोणता अभ्यास व्हावा हे निधी देणारे ठरवतात आणि झालेल्यांपैकी कोणता वाचकांपर्यंत पोहोचावा हे संपादक ठरवतात. या दोन निर्णयांच्या मधल्या वाटेवर जे गळून पडते, त्याबद्दल हे पत्र आहे.

माझे म्हणणे आधीच सांगते. ज्या अभ्यासासाठी पैसा आणि माणसांचा वेळ खर्च झाला आहे त्याचा निष्कर्ष, तो आपल्या अपेक्षेप्रमाणे असो वा नसो, ठरलेल्या मुदतीत सर्वांसमोर यायला हवा. त्यामागच्या मूळ नोंदी आणि आकडेमोड दुसऱ्याला तपासता येईल अशा स्वरूपात त्याच्यासोबत यायला हवी. आणि अशी तपासणी करणे हेही संशोधनच आहे असे मानून त्यासाठी पैसा आणि पाने राखून ठेवायला हवीत. यातले काहीच नवे नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या धोरणपत्रिकांत ही वाक्ये थोड्याफार फरकाने आधीपासून आहेत. ती पाळली जात नाहीत आणि न पाळणाऱ्याचे काही बिघडत नाही, ही माझी तक्रार आहे.

१९८० साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर लोरकेनाइड नावाच्या औषधाची एक छोटी चाचणी झाली. झटक्यानंतर ज्यांच्या हृदयाची लय बिघडते त्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, तेव्हा लय सुधारणारे औषध दिले तर जीव वाचतील, असा त्यामागचा विचार होता आणि तो कुणालाही पटावा असाच होता. शंभराहून कमी रुग्णांच्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्या गटातले ९ जण दगावले आणि प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्या गटातला १. संशोधकांना हा योगायोग वाटला. पुढे व्यावसायिक कारणांनी त्या औषधाचे काम थांबले आणि तो अभ्यास छापलाच गेला नाही. त्याच वर्गातली दुसरी औषधे मात्र दरम्यानच्या काळात रुग्णांना दिली जात होती. अखेर एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या दोन औषधांची मोठी चाचणी घेतली गेली; १९८९ साली त्यांचा वापर मध्येच थांबवावा लागला, आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या सविस्तर निष्कर्षांनुसार औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ जणांचा, तर प्लासिबो घेणाऱ्या ७४३ रुग्णांपैकी २६ जणांचा मृत्यू झाला होता. लोरकेनाइडवर काम केलेल्या संशोधकांनी आपला जुना अभ्यास १९९३ साली छापला आणि तो वेळेवर प्रसिद्ध झाला असता तर पुढच्या संकटाची पूर्वसूचना मिळू शकली असती, हे त्यांनी स्वतःच नोंदवले.

या घटनेत कुणीही लबाडी केलेली नव्हती, आणि म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते. संशोधनाच्या विश्वासार्हतेचा विषय निघाला की चर्चा बनावट आकड्यांकडे आणि चोरलेल्या मजकुराकडे वळते. ते गुन्हे आहेतच आणि त्यांची चौकशी व्हायलाच हवी. पण माझ्या कामात मला जे नुकसान रोज दिसते ते प्रामाणिक माणसांच्या हातून, नेहमीच्या रीतीने आणि कुणाच्या लक्षात न येता होते. अभ्यासातून काही निघाले नाही म्हणून तो लिहायचा राहून जातो. लिहिला तर संपादकांना त्यात नावीन्य दिसत नाही. नाकारला गेला की लेखक पुढच्या कामाला लागतो. माझ्या स्वतःच्या बाबतीत हे दोनदा घडले आहे. ते दोन्ही निबंध आजही अप्रकाशित आहेत आणि त्या दोन्ही अभ्यासांत सहभागी झालेल्या माणसांनी आपला वेळ आणि आपल्या शरीराची माहिती कशासाठी दिली होती, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही.

अशा गळतीचा एकूण परिणाम काय होतो हे एका अभ्यासात स्पष्टपणे मोजता आले. नैराश्यावरील १२ औषधांच्या ज्या ७४ चाचण्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदवल्या गेल्या होत्या, त्यांचे पुढे काय झाले ते एरिक टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले आणि २००८ साली प्रसिद्ध केले. प्रशासनाच्या मते ३८ चाचण्यांचा निष्कर्ष औषधाच्या बाजूने होता. त्यांपैकी ३७ प्रसिद्ध झाल्या. उरलेल्या ३६ चाचण्यांत औषधाचा गुण दिसला नव्हता किंवा तो संशयास्पद होता; त्यांपैकी २२ कुठेच प्रसिद्ध झाल्या नाहीत, ११ अशा रीतीने लिहिल्या गेल्या की वाचणाऱ्याला औषध गुणकारी वाटावे, आणि केवळ ३ जशा होत्या तशा छापल्या गेल्या. परिणामी, छापील निबंध वाचणाऱ्या डॉक्टरला ९४ टक्के चाचण्या यशस्वी दिसत होत्या आणि प्रशासनाच्या दप्तरात तेच प्रमाण ५१ टक्के होते. माझ्यासारखी व्यक्ती छापील निबंध एकत्र करून कितीही काळजीपूर्वक गणित मांडो, आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

यावर उपाय सापडला नाही असे नाही. चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंदणी करायची, आणि आपण नेमके काय मोजणार आहोत आणि कशाला यश म्हणणार आहोत हे आधी लिहून ठेवायचे, ही पद्धत २००५ पासून प्रमुख वैद्यकीय शोधपत्रिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन सक्तीची केली. त्या वेळी संपादकांनी दाखवलेल्या धैर्याबद्दल मला आजही आदर वाटतो, कारण नोंदणी नसलेला निबंध परत पाठवायचा म्हणजे कधीकधी फार मोठ्या चाचणीचा निबंध परत पाठवायचा असे होते. आधी लिहून ठेवण्याने काय फरक पडतो याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देते. हृदय, फुप्फुसे आणि रक्त यांच्या विकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेच्या निधीतून झालेल्या, हृदयविकारांवरच्या मोठ्या चाचण्या रॉबर्ट कॅप्लन आणि व्हेरोनिका अर्विन यांनी तपासल्या. २००० सालापूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ चाचण्यांत उपचाराचा लक्षणीय फायदा दिसला होता. त्यानंतरच्या, म्हणजे अमेरिकेत अशी नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या (संपादकांची सक्ती आली ती पुढे), २५ चाचण्यांपैकी केवळ २ चाचण्यांत तसा फायदा दिसला. औषधे एकाएकी निकामी झाली असे मानण्याला आधार नाही. दुसरीही काही कारणे असतील, पण निकाल हाती आल्यानंतर यशाची व्याख्या बदलण्याची मोकळीक पूर्वी होती आणि नंतर ती राहिली नाही, हे कारण मला सर्वांत सबळ वाटते.

मात्र नोंदणी झाली की निष्कर्ष आपोआप बाहेर येतो असे नाही. अमेरिकेत २००७ च्या कायद्यानुसार अनेक प्रकारच्या चाचण्यांचे निष्कर्ष त्या पूर्ण झाल्यापासून एका वर्षाच्या आत सार्वजनिक नोंदवहीत टाकणे बंधनकारक आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुदत उलटलेल्या ४,२०९ चाचण्यांपैकी सुमारे ४१ टक्के चाचण्यांचेच निष्कर्ष वेळेत नोंदवलेले आढळले, आणि कायद्यात दंडाची तरतूद असूनही तोवर एकालाही दंड झालेला नव्हता. कागदावरचा नियम आणि न होणारा दंड यांतून संशोधक जो धडा घेतो तो आपल्याला माहीत आहे. निधी देणाऱ्यांकडे मात्र दंडापेक्षा सोपे साधन आहे, ते म्हणजे न दिलेला पैसा. अनुदानाचा शेवटचा हप्ता निष्कर्ष नोंदवल्याशिवाय सुटणार नाही, आणि मागच्या प्रकल्पाचा हिशेब ज्याप्रमाणे दिल्याशिवाय नवा अर्ज स्वीकारला जात नाही त्याचप्रमाणे मागच्या प्रकल्पाचा निष्कर्ष जाहीर केल्याशिवाय नवा अर्ज विचारात घेतला जाणार नाही, एवढे केले तर कुठलाही नवा कायदा लागणार नाही. खर्चाच्या पावत्या आपण एकेक तपासतो. त्या खर्चातून काय निघाले हे मात्र विचारायचे राहते, हे मला मनापासून खटकते.

आता मूळ नोंदींविषयी. अनेक निबंधांच्या शेवटी एक वाक्य असते : ‘डेटा वाजवी मागणी केल्यास लेखकांकडून उपलब्ध होईल.’ संपादकांना मी नम्रपणे सांगू इच्छिते की या वाक्यावर विसंबून तुम्ही निबंध स्वीकारत असाल, तर तुम्ही वाचकाला दिलेले वचन पाळले जात नाही. असे वाक्य असलेल्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना एका गटाने पत्र पाठवून खरोखरच डेटा मागितला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९३ टक्के लेखकांनी उत्तर दिले नाही किंवा नकार दिला. डेटा मिळाला तो १२२ जणांकडून. माझा अनुभव याहून वेगळा नाही. एका आढाव्यासाठी मी ज्यांना लिहिले त्यांपैकी बहुतेकांकडून काहीच आले नाही, आणि एका सज्जन प्राध्यापकांनी अत्यंत दिलगिरीने कळवले की ज्या विद्यार्थ्याने नोंदी ठेवल्या होत्या तो सोडून गेला आहे आणि तो संगणकही आता नाही. त्यांचा मला राग आला नाही. नोंदी जपून ठेवायला त्यांना कुणी माणूस दिला नव्हता, त्यासाठी पैसे दिले नव्हते आणि त्या मागितल्या जातील असे कुणी सांगितलेही नव्हते.

कर्करोगाच्या जीवशास्त्रात तर याहून मूलभूत अडचण पुढे आली. गाजलेल्या ५३ निबंधांतले १९३ प्रयोग पुन्हा करून पाहायचे असा एक मोठा प्रकल्प हाती घेतला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ साली एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. त्या १९३ प्रयोगांपैकी एकही असा निघाला नाही की जो केवळ निबंधात दिलेल्या वर्णनावरून, लेखकाला काहीही न विचारता, पुन्हा आखता यावा. सगळी खटपट करून शेवटी २३ निबंधांतले ५० प्रयोग पुरे करता आले आणि त्यांत आढळलेले परिणाम मूळ परिणामांच्या तुलनेत सामान्यतः कितीतरी लहान होते. मध्यक काढला तर ८५ टक्क्यांनी लहान. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दुसऱ्या प्रयोगात परिणाम दिसला नाही म्हणून पहिला खोटा ठरत नाही, कारण पेशींची जात, तापमान, हाताळणाऱ्याचे कौशल्य अशा अनेक गोष्टींनी फरक पडतो. पण कशाने फरक पडतो हे लिहूनच ठेवलेले नसेल, तर वाद मिटवायचा कसा? पूर्वी छापील पानांची मर्यादा होती म्हणून पद्धतीचे वर्णन बारीक अक्षरात चार ओळींत उरकले जाई. ती मर्यादा आता उरलेली नाही, सवय मात्र उरली आहे.

अर्थशास्त्राचे उदाहरण सुप्रसिद्ध आहे, तरी ते इथे सांगण्याचे वेगळे कारण आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० साली असे मांडले की विकसित देशांत सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांच्या वर गेले की आर्थिक वाढ झपाट्याने मंदावते; दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आकडेवारीत अशा काळातली सरासरी वाढ त्यांना उणे ०.१ टक्के आढळली. सरकारी खर्चात कपात करावी की नाही या तेव्हाच्या वादात या आकड्याचा आधार अनेकांनी घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तेच गणित पुन्हा करताना ते जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षे वगळण्याबद्दल आणि सरासरीत कोणत्या देशाला किती भार, म्हणजे महत्त्व, द्यायचे त्या पद्धतीबद्दलही त्याचे आक्षेप होते. २०१३ साली त्याने आपल्या प्राध्यापकांसह प्रसिद्ध केलेल्या हिशेबात तोच आकडा २.२ टक्के आला. मूळ लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली आणि आपला व्यापक निष्कर्ष तरीही टिकतो असे म्हटले. त्या वादात मी पडत नाही. मला दिसते ते इतकेच की फाइल मागितल्यावर ती देण्यात आली म्हणून चूक सापडली, आणि ती सापडेपर्यंत मधली तीन वर्षे निघून गेली, कारण निबंधासोबत फाइल जोडणे कुणालाच आवश्यक वाटले नव्हते.

अशा चुका एखाद्या विषयापुरत्या नसतात. जनुकांच्या काही संक्षिप्त नावांना एक्सेल महिन्याची तारीख समजते आणि परस्पर बदलून टाकते. ज्या निबंधांना जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या होत्या त्यांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक असल्याचे २०१६ साली दाखवले गेले, आणि अखेर २०२० साली जनुकांचीच नावे बदलण्यात आली. याद्या सर्वांसमोर होत्या म्हणूनच ती चूक मोजता आली, हेही लक्षात घ्यावे.

अर्थशास्त्राने यातून शिकून जे केले ते इतर विषयांच्या संपादकांनी जरूर पाहावे. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने डेटासाठी स्वतंत्र संपादक नेमला आणि २०१९ पासून तिच्या शोधपत्रिकांत निबंध छापण्यापूर्वी त्यामागचा डेटा आणि कोड, म्हणजे आकडेमोडीसाठी संगणकाला दिलेल्या आज्ञा, मागवून, ते चालवून निबंधातले आकडे खरोखर येतात का हे पाहिले जाते. जिथे डेटा गोपनीय असतो तिथे तो कुठून, कोणत्या परवानगीने मिळवता येईल हे लिहावे लागते. यासाठी माणसे लागतात, वेळ लागतो आणि पैसाही लागतो. पण हे जमत नाही असे आता म्हणता येणार नाही.

संगणकशास्त्राबद्दल मला अधिक काळजी वाटते आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्यातल्या पद्धती आता इतर सगळ्या शाखांत वेगाने शिरत आहेत. वरकरणी पाहता तपासणी सर्वांत सोपी असायला हवी ती इथेच. इथे प्रयोगशाळा नाही, प्राणी नाहीत, कोड आणि डेटा यांची नक्कल क्षणात करता येते. तरीही प्रत्यक्षात काय होते ते कोविडच्या काळात दिसले. छातीचे एक्स-रे आणि सीटी स्कॅन पाहून कोविड ओळखणाऱ्या किंवा त्याचे पुढे काय होईल हे सांगणाऱ्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालींवर २०२० च्या पहिल्या नऊ महिन्यांत इतके लिहिले गेले की आढावा घेणाऱ्या गटाला २,२१२ अभ्यास सापडले. गुणवत्तेची चाळणी लावल्यावर त्यांतले ६२ उरले, आणि त्या ६२ पैकी एकही प्रणाली रुग्णालयात वापरण्याजोगी नाही, असा निष्कर्ष त्या गटाने २०२१ साली काढला. काही अभ्यासांत कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे वापरले होते आणि कोविड झालेले रुग्ण मात्र प्रौढ होते. अशी प्रणाली कोविड ओळखते आहे की छाती लहान मुलाची आहे की मोठ्या माणसाची एवढेच ओळखते आहे, हे निबंधातल्या अचूकतेच्या टक्केवारीवरून कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी ती चित्रे कुठून आली हे पाहावे लागते.

याच्याशी जवळचा दोष म्हणजे उत्तरपत्रिकेतला मजकूर अभ्यासातच मिसळणे. प्रणालीला शिकवण्यासाठी वापरलेला डेटा आणि तिची परीक्षा घेण्यासाठी वापरलेला डेटा वेगळा असायला हवा. तो काही ना काही मार्गाने एकमेकांत झिरपला की परीक्षेतले गुण फुगतात आणि बाहेरच्या जगात ती प्रणाली कोलमडते. सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १७ क्षेत्रांतले मिळून २९४ निबंध या दोषाने बाधित असल्याचे आधीच दाखवले गेले असल्याचे नोंदवले. वैद्यकापासून राज्यशास्त्रापर्यंत सगळीकडे प्रत्येकाने ही चूक जणू पहिल्यांदाच सापडल्यासारखी स्वतंत्रपणे शोधली होती. हा दोष निबंधाच्या मजकुरातून समीक्षकाला दिसत नाही. तो कोडमध्ये दिसतो. म्हणून कोड न पाहता अशा निबंधाचे समीक्षण झाले असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. त्याचबरोबर, एकच पद्धत सुरुवातीचे यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे निवडलेले, आकडे बदलून अनेकदा चालवल्यावर आकडे किती वरखाली होतात हे सांगणे, आणि सर्वांत चांगला आलेला एकच आकडा न छापणे, हा नियम प्रत्येक संपादकाने लावावा.

भौतिकशास्त्राकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या प्रयोगातील शास्त्रज्ञांना असे आढळले की जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत जाणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत आहेत. त्यांनी विजयाची घोषणा केली नाही. आम्हाला आमची चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, अशा अर्थाने त्यांनी आपली सगळी पद्धत जगापुढे ठेवली. काही महिन्यांत कालमापन यंत्रणेतली प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नसल्याचे त्यांच्याच लक्षात आले, आणि २०१२ साली ग्रान सासोतल्याच इकारस या दुसऱ्या प्रयोगाने न्यूट्रिनोंचा वेग प्रकाशाहून अधिक नसल्याचे मोजून दाखवले. या गटाची त्या काळात बरीच टर उडवली गेली. माझ्या मते त्यांनी जे केले ते आदर्श होते, आणि ते करता येते याचे एक कारण असे की त्या विषयात तोच प्रश्न दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे मोजण्याला दुय्यम दर्जाचे काम मानत नाहीत. प्रकाश ज्यातून जातो असे तेव्हा मानत त्या ईथरचा माग काढू पाहणारा, १८८७ सालचा मायकेलसन आणि मोर्ली यांचा प्रयोगही शेवटी ‘काही आढळले नाही’ असाच होता, आणि त्याशिवाय पुढचे भौतिकशास्त्र समजावून सांगता येत नाही.

माझ्या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मी टाळत नाही. रुग्णांची माहिती खुली करता येत नाही हे खरे आहे. नाव काढून टाकले तरी वय, आजार आणि ठिकाण यांवरून माणूस ओळखता येऊ शकतो. पण त्यावर नियंत्रित प्रवेश हा मार्ग आहे : डेटा सुरक्षित जागीच राहतो, तपासणाऱ्याला परवानगीने तिथे काम करता येते. गोपनीयता हे कोड न देण्याचे कारण मात्र होऊ शकत नाही, कारण कोडमध्ये रुग्ण नसतात. दुसरा आक्षेप तरुण संशोधकांचा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. ज्यांनी चार वर्षे खपून नोंदी गोळा केल्या, त्यांच्याआधी मोठ्या गटाने त्यावर निबंध लिहून टाकला तर? यासाठी पहिल्या वापराची ठरावीक मुदत द्यावी, आणि दुसऱ्याने डेटा वापरला की गोळा करणाऱ्याचे श्रेय नोंदवणे सक्तीचे करावे. तिसरे असे की तपासणाराही चुकतो. फुटबॉलमधले पंच काळ्या खेळाडूंना अधिक लाल कार्डे दाखवतात का, हा एकच प्रश्न आणि एकच डेटा २९ गटांना दिला तेव्हा २० गटांना तसा लक्षणीय संबंध आढळला आणि ९ गटांना आढळला नाही. म्हणून तपासणी म्हणजे न्यायनिवाडा नव्हे, आणि ज्याचा निष्कर्ष टिकला नाही त्याला आरोपी करणारी भाषा आपण सर्वांनीच सोडून द्यायला हवी. अर्थशास्त्रातले प्रयोगशाळेत केलेले १८ प्रयोग २०१६ साली पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा ११ टिकले. उरलेल्या ७ प्रयोगांच्या लेखकांचा यात कोणताही दोष सिद्ध होत नाही. कोणत्या गोष्टीवर किती भार टाकावा हे मात्र आपल्याला आधीपेक्षा अधिक चांगले कळते.

आता संपादकांना एक विशेष विनंती. निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच, केवळ प्रश्नाचे महत्त्व आणि पद्धतीचा काटेकोरपणा पाहून निबंध तत्त्वतः स्वीकारण्याची पद्धत आज शेकडो शोधपत्रिकांत उपलब्ध आहे. मानसशास्त्रात या पद्धतीने छापलेल्या निबंधांची नेहमीच्या निबंधांशी तुलना केल्यावर असे दिसले की नेहमीच्या निबंधांत पहिले गृहीतक खरे ठरण्याचे प्रमाण ९६ टक्के होते आणि आधी स्वीकारलेल्या निबंधांत ४४ टक्के. शंभरातले शहाण्णव अंदाज बरोबर येत असतील तर मुळात प्रश्न विचारण्याची गरज काय होती, असा प्रश्न मला पडतो. तुमच्या शोधपत्रिकेत ही पद्धत नसेल तर ती सुरू करा, आणि असेल तर ती एका कोपऱ्यातल्या पर्यायाऐवजी मोठ्या चाचण्यांसाठी मुख्य मार्ग करा. शिवाय, तुमच्या पत्रिकेने छापलेल्या निबंधाची काळजीपूर्वक केलेली पुनर्तपासणी आली तर ती छापणे ही तुमचीच जबाबदारी आहे असे माना. ‘आमच्या वाचकांना यात रस नाही’ हे उत्तर, ज्या वाचकांनी मूळ निबंधावर विश्वास ठेवून आपले काम उभे केले त्यांना देता येत नाही.

आणि निधी देणाऱ्यांना. शेवटच्या हप्त्याबद्दल मी वर लिहिलेच आहे. त्याखेरीज प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नोंदी जपणाऱ्या आणि कोड नीट लिहून ठेवणाऱ्या माणसाचा पगार स्वतंत्रपणे धरू द्या. आज तो ‘इतर खर्च’ या सदरात पहिल्यांदा कापला जातो. दरवर्षीच्या निधीतला एक ठरलेला वाटा, मग तो लहान का असेना, आधी झालेले महत्त्वाचे अभ्यास पुन्हा करून पाहण्यासाठी राखून ठेवा, आणि कोणते अभ्यास तपासायचे हे त्यांच्यावर किती मोठे निर्णय उभे आहेत त्यावरून ठरवा. अर्जदाराचे मूल्यमापन करताना त्याचे निबंध कोणत्या पत्रिकेत छापले गेले याऐवजी त्याने काय केले हे पाहू, असे वचन देणाऱ्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या सह्या आहेत. तेव्हा अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा : मागील प्रकल्पांतले कोणते निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध गेले आणि ते कुठे वाचता येतील. तो रकाना भरणाऱ्याला गुण मिळतात हे दिसले, तर पहिल्याच फेरीत कितीतरी कपाटांतून कागद बाहेर निघतील.

माझ्या दोन अप्रकाशित अभ्यासांचे निष्कर्ष, पद्धती आणि कोड मी येत्या तीन महिन्यांत सार्वजनिक कोठारात ठेवणार आहे. सहभागी व्यक्तींच्या नोंदी त्यांच्या संमतीच्या मर्यादेत नियंत्रित प्रवेशाने उपलब्ध असतील. तुमच्या संस्थेने दिलेल्या निधीतून झालेल्या अथवा तुमच्या पत्रिकेकडे येऊन परत गेलेल्या अभ्यासांपैकी किती आजवर कुठेच प्रसिद्ध झालेले नाहीत, याची यादी तुम्ही याच मुदतीत जाहीर करावी, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. लेखकांची नावे त्यात नसली तरी चालतील. प्रश्न काय होता, किती माणसे सहभागी होती आणि काम कोणत्या वर्षी संपले, इतके मला पुरेसे आहे.

आपली विश्वासू,
एक संख्याशास्त्रज्ञ